विमान बघायला कोणी बोलावलं?

शुगर लँडमधून हायवे एकोणसाठनं नैऋत्येकडे निघालं की घरं, मॉल, चर्चं हळूहळू मागे पडतात आणि भाताची खाचरं सुरू होतात. टेक्सासमध्ये भात पिकतो हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. आम्ही तेलकंपन्यांत, हॉस्पिटलांत, नाहीतर कॉम्प्युटरवर काम करणारी माणसं. शेताशी संबंध असलेले एकटे ज्ञानदेवकाका.

डॉ. ज्ञानदेव इंगोले मूळचे वाशीमजवळच्या एका खेड्यातले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकले, पीएचडीला टेक्सासला आले आणि इथेच राहिले. एल कँपो गावाजवळ शेतांवर विमानानं फवारणी करणारी एक छोटी कंपनी होती. मालक वेन होलुब. त्याचे आजोबा कधीकाळी चेक मुलखातून येऊन तिथं स्थायिक झालेले. कंपनीची दोन पिवळी विमानं होती, एक वेन स्वतः उडवायचा. काकांचं काम जमिनीवरचं. हातात जाळं घेऊन ते खाचराखाचरातून फिरायचे, लोंबीवर दाण्याचा रस शोषणारा ढेकण्या किडा किती पडलाय ते बघायचे आणि कुठल्या शेतावर फवारायचं, कुठल्या नाही, हे वेनला सांगायचे. वेन त्यांना ‘डॉक’ म्हणायचा. काका बोलायला लागले की अर्धा तास किड्यांवर बोलायचे, आणि मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, लोक हळूच ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे सरकायचे.

त्यांच्या पत्नी संघमित्राकाकू एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होत्या. मुलगी मैत्री तेव्हा हायस्कूलमध्ये होती. पुढे जे घडलं ते काकांनी आम्हाला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. काही काकूंनी सांगितलं. मी ते जोडून लिहितोय.

इलियास देशमुख पहिल्यांदा आला तो काकूंच्या दुकानात. दोन हजार एक सालच्या वसंतात, तापाच्या गोळ्या घ्यायला. काकूंच्या कोटावरचं नाव वाचून तो काउंटरवर वाकला आणि म्हणाला, “काकू, मराठी ना तुम्ही? मी सिल्लोडकडचा.” काकूंनी त्याला गोळ्यांबरोबर घरचा पत्ताही दिला.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा. औरंगाबादला इंजिनिअर झालेला, ह्यूस्टनमध्ये एका कन्सल्टिंग कंपनीकडून प्रोजेक्टवर आलेला. आडनाव ऐकून लोक त्याला एक समजायचे, नाव ऐकून गप्प व्हायचे. तोच हसून सांगायचा, “आमच्याकडं मुसलमान देशमुखांची गावंच्या गावं आहेत.” काकांच्या किड्यांच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणारा तो पहिलाच माणूस. त्याचा चुलता पाठीवर पंप बांधून कपाशी फवारायचा. विमानानं फवारतात हे इलियासला खरंच वाटेना.

“चल, दाखवतो,” काका म्हणाले.

जुलैतल्या एका शनिवारी ते त्याला आपल्या गाडीतून घेऊन गेले. उन्हानं गवताची धावपट्टी पिवळी पडली होती, खाचरांवर बगळे बसले होते. वेन एक विमान घेऊन वर गेलेला. दुसरं पत्र्याच्या शेडबाहेर उभं होतं. इलियासनं त्याच्याभोवती तीन-चार चकरा मारल्या. टाकीत किती मावतं, किती वेळ उडतं, एका फेरीत किती शेत होतं, सगळं विचारलं. काकांनी अभिमानानं सांगितलं. मग त्याला पायलटच्या सीटवर बसवलं आणि त्याच्याच कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढला. इलियास काच वर करून, अंगठा दाखवून हसतोय.

“अम्मीला पाठवतो,” तो म्हणाला. “म्हणावं, पोरगं पायलट झालं.”

खरं तर तिथं परक्या माणसाला आणायची परवानगी नव्हती. औषधांचे ड्रम असायचे, विम्याची भानगड असायची. पण वेन वर होता, आणि अशा गोष्टींवर तोही फारसं बोलला नसता.

ऑगस्टमध्ये इलियासचं प्रोजेक्ट संपलं. कंपनीनं त्याला काढलं. व्हिसा नोकरीला बांधलेला. नवी नोकरी मिळेपर्यंत तो अपार्टमेंटमध्ये बसून होता, रोज अर्ज पाठवत होता. काकू त्याला डबा द्यायच्या.

मग सप्टेंबर आला.

अकरा तारखेला सगळ्यांचंच सगळं थांबलं, ते मी सांगायला नको. पण काका ते दिवस आठवायचे ते आकाशामुळे. एल कँपोच्या त्या सपाट मुलखात वर काही दिसायचं नाही, काही ऐकू यायचं नाही. पिवळी विमानं शेडमध्ये. कापणीनंतर पुन्हा फुटलेलं खोडव्याचं पीक लोंबीत आलं होतं, ढेकण्या वाढत होता, शेतकरी फोनवर ओरडत होते, आणि उडायची परवानगी नव्हती. काही दिवसांनी परवानगी आली. एक-दोन फेऱ्या झाल्या, तोच पुन्हा बंदी आली. ही दुसरी बंदी फक्त फवारणीच्या विमानांवर होती. टीव्हीवर सांगत होते की हल्ल्याच्या संशयितांपैकी कुणीतरी फ्लोरिडात अशाच विमानांची चौकशी करून गेला होता. पडद्यावर पिवळं विमान दाखवायचे, शेतावर पांढरा धूर सोडणारं, आणि खाली विषारी वायू, जंतू असे शब्द सरकायचे.

वेन शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. “डॉक,” तो म्हणाला, “तीस वर्षं लोक मला बघून हात हलवायचे. काल एका बाईनं पोरांना घरात नेलं.”

काकांना बघूनही परवा गॅस स्टेशनवर एक माणूस पंपाची नळी हातात धरून नुसता उभा राहिला होता. ते गाडीत बसून निघेपर्यंत तो बघत होता.

सप्टेंबरच्या अखेरीस, सकाळी, दोन माणसं शेडवर आली. एक तरुण, एक पिकल्या केसांचा. दोघं अतिशय सभ्य. सरकारी ओळखपत्रं दाखवली, वेनशी बोलली, टाक्यांची कुलपं पाहिली. मग पिकल्या केसांच्या माणसानं काकांना आतल्या छोट्या खोलीत बसवलं आणि टेबलावर एक फोटो ठेवला.

इलियास काच वर करून, अंगठा दाखवून हसत होता.

“ह्याला ओळखता?”

काका सांगायचे, की त्या क्षणी त्यांना खोलीतला पंखा ऐकू येईनासा झाला. फोटो इथवर कसा आला ते नंतर कळलं. इलियासच्या अपार्टमेंटमध्ये एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसानं तो फ्रिजवर चिकटवलेला बघून पोलिसांना कळवलं होतं.

“तोंडओळख आहे,” काका म्हणाले. “माझ्या बायकोच्या दुकानात येतो.”

“इथं कसा आला?”

“आला होता एकदा. विमान बघायला.”

“काय विचारलं त्यानं?”

“टाकीत किती मावतं. किती वेळ उडतं.”

तरुण माणूस लिहीत होता. त्याचं पेन क्षणभर थांबलं, मग पुन्हा चालू लागलं.

“डॉक्टर, त्याला तुम्ही बोलावलं होतं?”

“नाही.”

“हा फोटो कोणी काढला?”

“मला माहीत नाही.”

पिकल्या केसांच्या माणसानं तरुणाकडे एक नजर टाकली. बस, एवढंच. मग त्यानं काकांचे आभार मानले, हात मिळवला, उन्हाळा फारच लांबला म्हणाला, आणि ते गेले. गाडी हायवेला लागेपर्यंत काका खिडकीशी उभे होते. ती नजर कसली होती ते त्यांना कळत नव्हतं. आपण खरं बोललो नाही एवढं मात्र त्यांना कळत होतं.

घरी त्यांनी काकूंना एवढंच सांगितलं की चौकशीला लोक आले होते, सगळीकडेच जातायत. त्या संध्याकाळी काकूंनी इलियासला डब्यासाठी फोन केला. वाजत राहिला. दुसऱ्या दिवशीही वाजत राहिला. त्या अपार्टमेंटवर गेल्या तर दाराला नवं कुलूप होतं, आणि मॅनेजर बाई आपल्या ऑफिसचं दार अर्धवट उघडं धरून म्हणाली, “तुम्ही त्याच्या कोण?”

काकू म्हणाल्या, “कुणी नाही. औषध द्यायचं होतं.” हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. मान खाली घालून.

ऑक्टोबरमध्ये टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सच्या जंतूंची पूड जाऊ लागली, माणसं मेली. काकूंच्या दुकानात लोक त्यावरच्या सिप्रोच्या गोळ्या मागायला रांगा लावायचे. एक म्हातारा, कित्येक वर्षांचं गिऱ्हाईक, काउंटरपाशी येऊन म्हणाला, “मला त्या दुसऱ्या मुलीच्या हातून हवंय.” दुसरी मुलगी गोरी होती. काकूंनी बाजूला होऊन तिला जागा दिली.

त्याच आठवड्यात घरी फोन आला. काका शेतावर होते, काकूंनी उचलला. बोलणारी बाई वकील होती. अटकेतल्या परदेशी माणसांची प्रकरणं फुकट चालवणाऱ्या एका संस्थेची. इलियास ह्यूस्टनच्या उत्तरेला एका जेलमध्ये होता. व्हिसा संपला म्हणून धरलेला, पण सोडत नव्हते ते वेगळ्याच कारणासाठी.

काका घरी आले तेव्हा काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. गॅस बंद होता. मैत्री जेवणाच्या टेबलाशी बसलेली.

“त्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं,” काकू म्हणाल्या. “मला इंगोलेकाकांनी नेलं, फोटो त्यांनीच काढला. ते लोक तुमच्याकडं फक्त विचारून बघायला आले होते. तुम्ही नाही म्हणाले. आता ते म्हणतात हा पोरगा खोटं बोलतो. एक खोटं बोलला म्हणजे बाकीचंही खोटं.”

काका खुर्चीवर बसले.

“काहून म्हणाले तुम्ही नाही?”

“मला सुचलं नाही.”

“बाबा,” मैत्री म्हणाली, “डिड यू टेक द पिक्चर? येस ऑर नो?”

“हो.”

“देन जस्ट टेल देम!”

“बेटा, ते एवढं सोपं नाही. केंद्र सरकारच्या माणसाशी खोटं बोलणं गुन्हा आहे. माझं ग्रीन कार्ड जाऊ शकतं. जेलही होऊ शकते. तुझं कॉलेज, हे घर...”

मैत्री उठून खोलीत गेली. दार आपटलं नाही. काका म्हणायचे, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

काकू ओट्याला टेकून म्हणाल्या, “तुम्हीच सांगता ना, गावात कुणाच्या घरी चोरी झाली की पोलीस पहिले तुमच्या वस्तीत यायचे. तुमच्या बाबांना चावडीवर बसवून ठेवायचे. कुणी एकानं म्हटलं असतं, हा माणूस काल माझ्या शेतात होता, तर सुटले असते. कुणी म्हटलं नाही. हे तुम्ही मला लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात सांगितलं होतं.”

काकांनी उठून गॅस लावला.

ते एका वकिलाकडे गेले. तो म्हणाला, “कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडू नका. देशाची हवा बघा जरा.” हवा ते बघतच होते. दर दोन दिवसांनी कुठल्या तरी गावात कुणाला तरी मारहाण झाल्याची बातमी यायची. गाड्यांवर झेंडे फडफडत होते. ज्ञानदेवकाकांनीही एक झेंडा आणून खिडकीला लावला. मैत्रीनं तो काढून आत ठेवला. त्यांनी पुन्हा लावला.

त्यांनी ठरवलं, थँक्सगिव्हिंग झालं की जाऊ. मग ठरवलं, नाताळ होऊ दे. इलियासच्या वकील बाईचे फोनच्या मशीनवर निरोप यायचे. काकू ते ऐकून ठेवायच्या आणि काका आले की पुन्हा लावायच्या. काका उभे राहून ऐकायचे आणि हात धुवायला जायचे.

ह्यूस्टनमध्ये तेव्हा आंबेडकरी मंडळींची आठ-दहा घरं होती. रविवारी कुणाकडे तरी वंदना व्हायची. सगळे हात जोडून पंचशील म्हणायचे. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की काकांचा आवाज बंद व्हायचा. पाचव्याला पुन्हा सुरू. कुणाच्या लक्षात आलं नसेल. काकूंच्या पहिल्याच रविवारी आलं. त्यांनी घरी विषय काढला नाही. पुढच्या रविवारी काका म्हणाले, माझं डोकं दुखतंय, तू एकटी जा.

शेवटी फेब्रुवारीत ते गेले. वकिलाचा सल्ला न मानता, त्यालाच सोबत घेऊन. ह्यूस्टनमधल्या त्या ऑफिसात तोच पिकल्या केसांचा माणूस समोर आला. काकांनी सगळं सांगितलं. कधी बोलावलं, कुठल्या गाडीतून नेलं, फोटो कुणी काढला, आणि आपण का नाही म्हणालो, जेवढं त्यांना कळलं होतं तेवढं.

त्या माणसानं मधे एकदाही अडवलं नाही. सगळं झाल्यावर विचारलं, “आता का आलात, डॉक्टर?”

“कारण तो खरं बोलत होता.”

“तो गेला. मागच्या आठवड्यात. स्वतःहून परत जायला तयार आहे असं लिहून दिलं त्यानं. नाहीतर अजून किती दिवस बसावं लागेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.”

काकांच्या वकिलानं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

“माझं काय?” काकांनी विचारलं.

“आम्ही संपर्कात राहू,” तो माणूस म्हणाला, आणि पहिल्यासारखाच हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेनलाही सांगितलं. नोकरी गेली तर गेली, असं ठरवून. वेन विमानाच्या पंखाखाली बसून फवारणीची तोंडं साफ करत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले.

“मला आधी सांगायचं होतंस, डॉक,” तो म्हणाला. “मी म्हणालो असतो की मीच बोलावलं पोराला. माझ्या नावाचा माणूस असं म्हणाला की कोण विचारतंय?”

वेननं त्यांना कामावरून काढलं नाही. त्या दिवसानंतर मात्र त्यानं काकांना कधी आपल्या घरी जेवायला बोलावलं नाही. आधी दर महिन्याला बोलवायचा.

इलियासचा नंबर काकूंनी कुठून कुठून मिळवला. काकांनी फोन केला तेव्हा तिकडे सकाळ होती. मागे कोंबड्यांचा, भांड्यांचा आवाज येत होता.

“कोण?”

“इलियास, मी ज्ञानदेवकाका.”

तो म्हणाला, “बोला काका.” आवाज नेहमीसारखाच. काकांना वाटलं होतं तो शिव्या देईल.

“मी जाऊन सगळं सांगितलं. खरं काय ते. उशीर झाला.”

“बरं.”

“तू कसा आहेस?”

“बरा आहे. माझं लग्न ठरलं होतं, तुम्हाला बोललो होतो ना? ते मोडलं. इकडच्या पेपरात आलं होतं, अमेरिकेत सिल्लोडच्या तरुणाला अटक. पुढं काय झालं ते कुणी छापलं नाही.” तो थांबला. “काका, एक विचारू?”

“विचार.”

“तिथं मला रोज तेच विचारायचे. कोणी नेलं, कोणी नेलं. मी रोज तुमचं नाव सांगायचो. मग एक दिवस त्यांनी तुमच्या जबाबाचा कागद दाखवला. मला वाटलं त्यांनी तुम्हाला मारलं असंल. दमदाटी केली असंल. तसं काही झालं होतं का?”

काका म्हणाले, “नाही.”

“मारलं नाही?”

“नाही. चांगले बोलले. हात मिळवला.”

“अच्छा,” इलियास म्हणाला. आणि मग, “काकूंना सलाम सांगा.”

त्यानंतर वर्षं गेली. काकांच्या आयुष्यात वरून काहीच घडलं नाही, आणि तेच भयंकर होतं. त्या ऑफिसातून फोन आला नाही, कुणी दार वाजवलं नाही, कुणी कोर्टात बोलावलं नाही. दोन हजार तीनमध्ये तिघांनी नागरिकत्वाचा अर्ज केला. काकूंचं आणि मैत्रीचं पुढच्या वर्षी झालं. काकांना सांगण्यात आलं, तुमच्या नावाची तपासणी चालू आहे. पुढच्या वर्षी विचारलं, चालू आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही चालू होती.

घरासमोर अनोळखी गाडी उभी राहिली की काका पडद्यामागून बघत राहायचे. एकदा एक पांढरी व्हॅन सबंध दुपार उभी होती. ती शेजाऱ्यांकडे फरशी बसवायला आलेल्यांची निघाली. तरी ते त्या रात्री जेवले नाहीत. फोनवर काही खुटखुटलं की बोलता बोलता थांबायचे. इराकवर हल्ला झाला, निवडणुका झाल्या, सरकारला लोकांचे फोन ऐकायची मुभा असल्याच्या बातम्या आल्या. काका प्रत्येक बातमी स्वतःला लावून बघायचे. त्यांची आई वारली तेव्हा ते गेले नाहीत. बाहेर पडलो आणि परत घेतलंच नाही तर, ही भीती. काकू एकट्या जाऊन आल्या. मैत्री मिशिगनमधल्या ॲन आर्बरला कायदा शिकायला गेली. घरी फोन करायची तो आईच्या मोबाईलवर.

इलियासला ते वर्षातून एक-दोनदा फोन करायचे. तो कधी उचलायचा, कधी नाही. औरंगाबादला त्यानं कॉम्प्युटर क्लास काढला होता. एकदा तो म्हणाला, “काका, कुठं स्फोट झाला ना, की मला ठाण्यातून बोलावणं येतं. इथला साहेब म्हणतो, अमेरिकेनं तुला उगाच धरलं व्हय? मी काय सांगू त्याला?”

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात काकांना शेवटी मुलाखतीला बोलावलं. ह्यूस्टनमध्येच. समोर मधल्या वयाच्या काळ्या बाई होत्या, चष्मा गळ्यात लटकवलेला. देशाचा इतिहास, संविधान, ह्यातलं काकांना सगळं येत होतं. मग त्या ठरलेले प्रश्न वाचू लागल्या, ज्यांना सगळेच ‘नाही’ म्हणतात. दारूचं व्यसन आहे का? नाही. जुगार? नाही.

“ज्यासाठी तुम्हाला अटक झालेली नाही, असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केला आहे?”

“हो,” काका म्हणाले.

बाईंनी मान वर केली. “प्रश्न नीट समजला का तुम्हाला?”

“समजला.”

त्यांनी चष्मा काढला. काकांनी सांगायला सुरुवात केली. वकील, तो पिकल्या केसांचा माणूस आणि वेन ह्यांच्यानंतर हे सगळं ऐकणाऱ्या त्या चौथ्या व्यक्ती. त्यांनी काही लिहिलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “सर, तुमच्या फाइलमध्ये तुम्ही नंतर जाऊन खरं सांगितल्याची नोंद आहे. तुम्ही आज ‘नाही’ म्हणाला असतात तर कदाचित मी पुढच्या प्रश्नावर गेले असते.”

“मला ते माहीत नव्हतं,” काका म्हणाले. “माहीत असतं तरी नाही म्हणता आलं नसतं. एकदा म्हणून बघितलंय.”

निर्णय घरी आला. अर्ज नामंजूर. कारण, स्वतः कबूल केलेला गुन्हा. मैत्रीनं फोन केला, ह्या वेळी बापाच्या नंबरवर. “वुई विल अपील, बाबा. मी बघते सगळं.” शेवटचं वाक्य ती मराठीतून बोलली. काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि ते म्हणाले, “बघू. घाई नाही.”

सप्टेंबरमध्ये चक्रीवादळ आलं. खोडव्याचं भात खाचरांत आडवं झालं, वेनच्या शेडचं छप्पर उडालं. त्यानं दोन्ही विमानं लुइझियानातल्या एकाला विकली आणि धंदा बंद केला. काका घरी बसले.

नोव्हेंबरात, निवडणुकीनंतरच्या शनिवारी, आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. उशिराच झाला, वादळामुळे हॉल मिळाला नव्हता. सगळीकडे एकच विषय, निवडून आलेला पहिला काळा राष्ट्राध्यक्ष. कुणी कुणाला मत दिलं, देश कसा बदलणार, आपल्या पोरांना आता काय काय शक्य आहे. संजीव म्हणून आमचा एक मित्र, तेलकंपनीत इंजिनिअर, उत्साहानं काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “काका, तुम्ही तर नक्की मतदान केलं असणार!”

“मला मत नाही,” काका म्हणाले.

“का? काकूंचं तर कधीच झालं ना सिटिझनशिप?”

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी हातातली प्लेट टेबलावर ठेवली आणि सांगायला लागले. पहिल्यापासून. शनिवारी कसं गेलो, फोटो कसा काढला, खोलीत काय विचारलं, काय म्हणालो. आवाज हळू नव्हता. आमच्या टेबलावरचे सात-आठ जण ऐकत होते, शेजारच्या टेबलावरचेही गप्प झाले. ह्या वेळी कुणी ताट घेऊन सरकलं नाही. पण मी बघत होतो, एकजण चकली मोडून त्याचे बारीक तुकडे करत होता, एकीनं आपल्या मुलाला खुणेनं बाहेर पाठवलं.

काकांचं सांगून झालं. कुणी तरी म्हणालं, “फार वाईट झालं.” कुणाचं, ते म्हटलं नाही.

संजीव पुढे झुकला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. “काका, तुम्ही त्या मुलाशी अजून बोलता?”

“बोलतो.”

“हे असलं सगळं? फोनवर? ते लोक ऐकत असतील तर?”

“फोनवरच,” काका म्हणाले. “दुसरं कुठं बोलणार?”

संजीवनं मान हलवली. थोड्या वेळानं तो उठला, आणि मी बघितलं, खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला आपला कोट त्यानं आठवणीनं उचलून नेला. पाठोपाठ आणखी दोघं-तिघं उठले. काकूंनी आपली खुर्ची काकांच्या जवळ ओढून घेतली. मी बसून राहिलो. पण मीही खिशातला फोन काढून बंद केला, हे खरं आहे.